गट कशावरून?

ऑफिसात अजूनही सांगतात की माझं डोकं एका फंक्शनमुळे फिरलं. खोटं आहे. डोकं माझं आधीपासूनच फिरलेलं आहे, ती घरची देणगी आहे. फंक्शननं फक्त मी विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं, आणि सरळ उत्तराची आमच्याकडं कुणाला सवय नव्हती.

आधी हे फंक्शन म्हणजे काय ते सांगून टाकते, कारण हा शब्द काढला की माझी अर्धी ताकद गैरसमज निस्तरण्यात जाते. एकदा गावाकडं बोलून गेले की मी कामात लायब्ररीतलं एक फंक्शन वापरते. चुलत्यानं लगेच विचारलं, "कोणाचा सत्कार हाये?" त्याची काही चूक नाही. आमच्याकडं लायब्ररी म्हणजे पेपर वाचायची खोली आणि फंक्शन म्हणजे हार, नारळ, शाल आणि न संपणारं भाषण. प्रोग्रामिंगमधली लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेल्या अवजारांची पेटी, आणि फंक्शन म्हणजे त्यातलं एक अवजार. नट पिळायचा असेल तर पाना उचलायचा, तसं.

माझं हे अवजार दिसायला अगदी किरकोळ आहे. डेटाबेसमध्ये एक लांबच लांब तक्ता असतो. त्यातल्या ओळींचे कुणीतरी गट पाडून ठेवलेले असतात, तालुक्याप्रमाणे, गावाप्रमाणे, आणखी कशाप्रमाणे. मग बेरजा होतात त्या गटांच्या. पण गट पाडणारा तेव्हा समोर नसतो, आणि नुसत्या बेरजांकडं बघून गट कशावर पाडलेत ते कळत नाही. लग्नाला उशिरा पोचलं की पंगत बसलेली असते. कोण कुणाशेजारी का बसलंय, पाव्हणे वेगळे काढलेत की म्हातारी माणसं वेगळी काढलीत, ते कुणाला तरी विचारावं लागतं. हे फंक्शन तेवढंच विचारतं. तक्ता त्याच्या हातात दिला की गट ज्या स्तंभांवर पाडलेत त्यांची नावं ते काढून देतं. जास्त एक अक्षर बोलत नाही.

त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. मी मनातल्या मनात त्याला 'कशावरून' म्हणते. आमच्या घरात हा शब्द भांडणाची सलामी म्हणून वापरतात. मेंढरं रानात शिरली म्हणून कुणी ओरडत आलं की माझी माय कमरेवर हात ठेवून पहिल्यांदा एवढंच विचारायची, "आमचीच कशावरून?" पुढचं पुढं. त्यामुळं कॉम्प्युटरला हा प्रश्न विचारताना मला फार बरं वाटतं.

मी मेंढरंवाल्यांची. हिंगोलीत कॉम्प्युटर शिकले, आता इथंच एका संस्थेत डेटाचं काम करते. संस्था जनावरांच्या आजारांवर काम करते. तिची एक गाडी आहे, तिच्यात बर्फाची पेटी, लशी आणि दोन लस टोचणारे. ती गाडी उन्हाळ्याच्या शेवटी जिल्ह्यात फिरते आणि शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराची लस देते. हा आजार मोठा कपटी आहे. वळवाच्या सरी पडल्या, बांधाला कोवळं गवत फुटलं की मेंढी हावऱ्यासारखी खाते, सकाळी पोट फुगून आडवी दिसते. औषधाला वेळच मिळत नाही. टोचलेली असली तर वाचते, नसली तर गेली. त्यामुळं गाडी पावसाआधी आली तरच तिचा उपयोग. नंतर ती फक्त गाडी.

गाडीनं कुठं जायचं ते आमच्या ऑफिसात ठरतं. हिवाळ्यात कार्यकर्त्या टॅब घेऊन वस्त्या-वस्त्या फिरतात, कुणाकडं किती मेंढ्या, किती गाभण, ते भरून आणतात. पुण्यात संस्थेचा एक प्रोग्रामर आहे. त्यानं लिहिलेला प्रोग्राम त्या माहितीचे गट पाडतो, बेरजा मांडतो, आणि जिथं बेरीज दिसते तिथं गाडी जाते, बेरजेएवढ्याच लशी घेऊन. माझं काम तो तक्ता तपासून, खाली 'तयार करणार' म्हणून माझं नाव टाकून पुढं पाठवणं. त्या साली गाडी सोमवारी निघणार होती, आणि तक्ता माझ्यासमोर शनिवारी आला.

मी सगळ्यात आधी आमचं गाव बघितलं. का बघू नये? शाळेच्या निकालात कोण आधी दुसऱ्याचं नाव बघतं? गाव होतं. जवळा बाजारच्या अलीकडचं आमचं गाव पहिल्याच दिवसाच्या यादीत होतं. पण आकडा इतका लहान होता की मला वाटलं एक शून्य खाल्लं असेल. त्या गावात चार शेळ्या दारात बांधणारे शेतकरी आहेत, आणि गावाबाहेर आमचे कळप आहेत. चार शेळ्यावाले सगळे आले होते. कळपवाले कुणीच नव्हते. माझ्या मायची मेंढरं तक्त्यात नव्हती.

पुण्याच्या प्रोग्रामरला फोन लावला. माणूस सज्जन, बोलणं मऊ. म्हणाला, "कार्यकर्त्यांनी भरलंच नसेल. डेटा नसेल तर प्रोग्राम काय करणार?"

मी मूळ ओळी उघडल्या. माय होती. कळप होता, गाभण मेंढ्या होत्या, कार्यकर्तीनं काढलेला फोटोही होता, त्यात माय कॅमेऱ्याकडं अशी बघतेय की जसं काही तो तिचं देणं लागतो. डेटा होता. बेरजेत येईपर्यंत कुठंतरी वाटेत गळत होता.

तेव्हा मी ते अवजार उचललं. तक्ता दिला आणि विचारलं, गट कशावरून? उत्तर आलं: तालुका, गाव, गट.

तालुका कळला, गाव कळलं. तिसरा स्तंभ 'गट'. म्हणजे गटाचे गट पाडले होते. मी तो स्तंभ उघडून बघितला आणि हसावं की कपाळ बडवून घ्यावं ते कळेना. खाली सगळे आकडे होते. एकशे बारा. चाळीस पैकी. दोनशे सात ब. हे कळप नव्हते. हे सातबाऱ्यावरचे जमिनीचे गट नंबर होते.

झालं होतं असं. पुण्यात फॉर्म इंग्रजीत तयार झाला. त्यात कळपासाठी 'ग्रुप' असा रकाना होता, एका ठिकाणी एकत्र चरणारी जनावरं या अर्थानं. कुणीतरी फॉर्म मराठीत केला आणि 'ग्रुप'चं 'गट' केलं. शब्दकोशात बघितलं तर बराबर. पण हिंगोली जिल्ह्यात एखाद्या शेतकऱ्याला टॅब समोर धरून 'गट?' असं विचारा, तो डोळे मिटून जमिनीचा गट नंबर सांगतो. पीकविमा असो, सोसायटी असो, जन्मभर त्याला गट म्हणून तेवढंच विचारलेलं असतं. कार्यकर्त्याही इथल्याच, त्यांनीही तेच लिहिलं. कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

आणि ज्यांना जमीनच नाही? त्यांचा रकाना रिकामा राहिला. आता त्या लायब्ररीची एक खोड अशी की गट पाडताना ज्या ओळीत रकाना रिकामा असेल, ती ओळ ती कुठल्याच गटात घालत नाही. वेगळं सांगितलं तरच घालते. नाही तर गुपचूप बाजूला सारते. लाल अक्षर येत नाही, चूक दिसत नाही, बेरीज दिमाखात उभी राहते. जिल्ह्यातले सगळे बिनजमिनीचे मेंढरंवाले असे बाजूला सारले गेले होते.

मला राग आला. इतका की मी खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिले. आमचं ऑफिस खताच्या दुकानावर आहे, खाली पोती उतरवणं चाललं होतं. मला वाटलं, आमची मेंढरं या जिल्ह्यात कुणाच्या शेतात बसलेली नाहीत? पेरणीच्या आधी शेतकरी बोलावतो, चार रात्री मेंढरं शेतात बसवतो, लेंड्या-मुतानं रान पोसलं जातं, आणि मग आम्ही पुढच्या शेतात. तक्त्यात जेवढे म्हणून गट नंबर होते त्यातल्या अर्ध्यांना आम्ही खत घातलेलं असेल. आणि गट नाही म्हणून आम्हीच बाहेर.

ऑफिसप्रमुखांना आम्ही सर म्हणतो. परभणीकडचे आहेत, मनानं चांगले, पण त्यांचा सगळा जीव वेळ मारून नेण्यात आहे. मी त्यांना तक्ता दाखवला. ते लगेच समजले, हे त्यांचं मला कौतुकच वाटतं. दुसऱ्याच क्षणी त्यांनी तोडगाही काढला.

"ताई, सोपं आहे," ते म्हणाले. "तुमच्या आईची मेंढरं आत्ता कुणाच्या शेतात बसलीत? त्याचा गट नंबर टाकून द्या. ओळ आपोआप बेरजेत येईल. पहिल्याच दिवशी गाडी जाईल."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं पुढच्या वर्षी करू की व्यवस्थित. तक्ता मंजूर झालाय, ताई. आता हलवला तर सगळंच हलतं."

"मेंढरं दुसऱ्याच्या नंबरावर कशावरून लावायची, सर?"

ते हसले. "तुम्ही फार अंगाला लावून घेता. आईचं आहे म्हणून होतं असं."

हे मात्र मला झोंबलं. मी म्हणाले, "हो, आईचंच आहे. आईचं होतं म्हणूनच दिसलं. बाकीच्यांच्या लेकी या ऑफिसात नाहीत, म्हणून ते कुणाला दिसले नाहीत."

सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये बघू, सर म्हणाले, आणि तोवर तो नंबर विचारून ठेवा असंही म्हणाले.

रविवारी मी स्कूटीवर मायकडं गेले. हे खरं सांगते, मी नंबर विचारायलाच गेले होते. निदान तो हातात असावा, असं मनात होतं. औंढ्याच्या रस्त्यानं उन्हात नुसता धुरळा होता. मेंढरं एका हळदीच्या मोकळ्या झालेल्या रानात बसवलेली होती. माय बाभळीच्या तुटक्या सावलीत बसून एका कोकराच्या पायातला काटा काढत होती. शेताचे मालकही तिथंच होते, बांधावर गमछा टाकून बसलेले. त्यांच्या शेतात आमची मेंढरं दरसाल बसतात.

मी दोघांना सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. मालक म्हणाले, "मंग टाका की माझा नंबर. मला काय तकलीफ? गट माझा, मेंढरं तुमची."

"पण काका, तक्त्यात ती तुमच्या गटाची होतील," मी म्हणाले. "उद्या मेल्या मेंढीची भरपाई आली, शेडची योजना आली, तर ती या नंबरावर येईल."

मालक मोकळेपणानं हसले. "मंग तर बराबरच टाका," म्हणाले. मस्करीच होती, पण माय हसली नाही आणि मीही नाही.

मायनं काटा काढून कोकरू सोडून दिलं. मला वाटलं होतं ती आता कमरेवर हात ठेवील. तिनं ठेवला नाही.

"टाक त्याचा नंबर," ती म्हणाली.

"माय, ते खोटं होईल."

"होऊ दे. मेंढराला कळतंय का खरं-खोटं? सुई टोचली म्हंजे झालं. परवाच्याला आभाळ येऊन राहिलं होतं. गवत फुटलं का संपलं सगळं. माझ्या मेंढ्या गाभण हायेत."

"आणि तिकडं वारंग्याच्या बाजूला, डोंगराकडं जे कळप आहेत, त्यांचं? त्यांच्या ओळी कोण लावणार? त्यांना तर माहीतही नाही की ते गळालेत."

"मी काय त्यांची पुढारी हाये?" मायचा आवाज चढला. "तुला शिकवली ती याच मेंढरांवर. आता तुझ्या तोऱ्यापायी ती मरू देऊ का? काहून करून राहिली असं?"

मी म्हणाले, "कारण एकदा नंबर टाकला की पुढच्या साली कुणी विचारणारच नाही. म्हणतील, सगळं तर बराबर आलंय, बेरीज जुळलीय."

ती तोंड फिरवून मेंढरांकडं गेली. मालकांनी मला पाणी दिलं आणि नंबर सांगितला. मी तो ऐकला. लिहून घेतला नाही. परत येताना सगळा रस्ता मला कळत होतं की माय चूक बोलत नव्हती. मी नंबर टाकला असता तर मंगळवारच्या आत तिच्या मेंढ्यांना सुई बसली असती. तिच्या मेंढ्यांवर मी हट्ट करत होते, आणि हट्ट माझा होता, मेंढ्या तिच्या होत्या. तरी मला तो नंबर टाकायचा नव्हता.

घरी आल्यावर मी प्रोग्राममधली गट पाडणारी एक ओळ बदलली. गटाच्या जागी कळपाच्या मालकाचं नाव घातलं आणि रिकामा रकाना बाहेर टाकू नको असं लायब्ररीला सांगितलं. काम एवढंसं. तक्ता पुन्हा चालवला तर ओळी येतच राहिल्या. औंढ्याच्या डोंगराकडच्या, कळमनुरीकडच्या, नरसीच्या पुढच्या. नावं मला अनोळखी होती, पण आडनावं आमच्यातलीच. काही फोटोही होते, आणि प्रत्येक फोटोत तसंच कुणीतरी कॅमेऱ्याकडं डोळे बारीक करून बघत होतं. मी त्या रात्री नीट जेवले.

मग गाडीचा क्रम लावायचा होता. मी कसोटी ठेवली ती अशी की जनावरांच्या दवाखान्यापासून जो कळप जास्त लांब, तिथं गाडी आधी. लांबच्याला दुसरा आसराच नसतो. क्रम लागला. माय जवळा बाजारच्या जवळ, त्यामुळं ती पार खाली गेली. मी ते बघितलं. कितीतरी वेळ बघत बसले. दुसरा स्तंभ घेतला असता, गाभण मेंढ्या किंवा कळपाचा आकार, तर ती वर आली असती, आणि दोन्हींसाठी मला कारण देता आलं असतं. पण मग मला कुणी विचारलं असतं की हे कशावरून, तर खरं कारण मी काय सांगणार होते? मी क्रम तसाच ठेवला.

सोमवारी मीटिंगला सर, दोन कार्यकर्त्या, आणि पडद्यावर पुण्याचा प्रोग्रामर. मी दोन्ही तक्ते लावले, आणि जुन्या तक्त्याखाली त्या फंक्शनचं उत्तर मोठ्या अक्षरात: तालुका, गाव, गट.

प्रोग्रामर म्हणाला, "बरोबर आहे ना मग? गट म्हणजे ग्रुप."

"कुठं?" मी विचारलं.

त्याला प्रश्न कळला नाही. शेजारच्या कार्यकर्तीनं सांगितलं, "सर, इथं गट म्हंजे सातबाऱ्यावरचा. आमी तोच लिहिलाय सगळ्यांचा." तिला वाटलं तिची चूक निघाली, तिचा चेहरा उतरला. मी तिला म्हणाले, तू विचारलं तेच लिहिलंस, विचारणाऱ्यानं आपल्याला काय हवंय ते सांगितलं नाही.

प्रोग्रामर म्हणाला, "ठीक आहे, ही चूक झाली. पण मंजूर तक्त्यातली गटवारी तुम्ही परस्पर बदललीत. त्याची परवानगी कोणी दिली?"

"जुन्या गटवारीची कोणी दिली होती?"

सरांनी टेबलावरचा पेन उचलून पुन्हा ठेवला. मग त्यांनी नेहमीचा मधला रस्ता काढला. आज जुना तक्ता जाऊ दे, गाडी थांबवायला नको, नव्याचं आपण वरच्यांशी बोलू. ताई, तुम्ही पाठवून द्या.

मी म्हणाले, "मी हा पाठवणार नाही."

"मग कोण पाठवणार?"

"ज्याला तो बराबर वाटतो त्यानं पाठवावा. खालचं माझं नाव काढून त्याचं टाकावं."

मी घाबरले होते, ते सांगायला मला लाज नाही. नोकरी गेली असती तर हिंगोलीत असं दुसरं काम कुठं मिळणार होतं? पण त्या खोलीत कुणालाही तिथं स्वतःचं नाव टाकायचं नव्हतं. सरांनी प्रोग्रामरकडं बघितलं, त्यानं कॅमेऱ्याच्या खाली कुठंतरी बघितलं. जेवणापर्यंत फोन चालले. वरच्यांनी माझ्या नावानं खडे फोडले असतील, मी ऐकायला गेले नाही. दुपारी सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "नवा पाठवा. रस्ता पुन्हा आखावा लागेल, गाडी गुरुवारी निघेल. आणि ताई, तुमच्या आईचा नंबर फार खाली आहे. तो वर घेतला तरी कुणी काही म्हणणार नाही."

मी म्हणाले, "मी म्हणेन."

गाडी गुरुवारी निघाली. आधी डोंगराकडं गेली, मग वारंगा फाट्यावरून पलीकडं. लस टोचणारे फोन करून सांगायचे, इथं कधी कुणी आलंच नव्हतं म्हणतात, लोकांनी जेवायला घातलं. मी ऐकायचे आणि खिडकीतून आभाळ बघायचे. मायनं फोन उचलणं बंद केलं होतं. चुलता उचलायचा आणि एवढंच सांगायचा, अजून न्हाई. मग एका संध्याकाळी वळीव पडला. दोन दिवसांत बांध हिरवे दिसायला लागले. चुलत्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात होते. मायच्या दोन मेंढ्या गेल्या होत्या, दोन्ही गाभण.

मी जिन्यातच बसून रडले. आणि रडता रडता मला हेही कळत होतं की शनिवार पुन्हा आला असता तरी मी तो नंबर टाकला नसता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतात, आणि त्या जुळवून घ्यायचा मी प्रयत्न सोडून दिला आहे.

आमच्या वस्तीवर गाडी आली त्या दिवशी मी रजा टाकून गेले. टोचणारे कामाला लागले होते. माय एकेक मेंढी गुडघ्यात दाबून धरत होती, सुई झाली की सोडत होती. मी पदर खोचला आणि तिच्या समोर बसून दुसरी मेंढी धरली. नुसता मेंढरांचा आवाज, गाडीचा आवाज, आणि टोचणाऱ्याचं "पुढची".

मग माय मान खालीच ठेवून म्हणाली, "दुसऱ्यांची आधी केली."

"हो."

"माझ्या दोन गेल्या."

"माहीत आहे, माय."

तिनं एक मेंढी सोडली, दुसरीची मान पकडली. "त्यांच्या किती वाचल्या?"

मी म्हणाले, "मोजून सांगते." सुई झाली, मेंढी उठून पळाली, आणि तेव्हा कुठं माय सरळ झाली, कमरेवर हात ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं.

"पुढच्या साली मला खाली घातलं ना," ती म्हणाली, "तर मी बसून राहणार न्हाई. सगळी मेंढरं घेऊन येते तुझ्या हापिसात. मंग बघू तुझे साहेब कशावर गट पाडतात ते."

ती येईल. मी तिला ओळखते. खताच्या दुकानासमोरून, त्या अरुंद जिन्यानं, एकामागून एक सगळा कळप वर येईल.

"ये," मी म्हणाले. "दार मी उघडते."